अवयव आहेत, पण कोणते?

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही एकवीस अंकी संख्या आहे. लीलावतीत भास्कराचार्यांनी दिलेली स्थानांची यादी एकं, दहं, शतं, सहस्र अशी चढत अठराव्या स्थानी परार्धावर थांबते. ही संख्या त्याच्याही तीन स्थानं पुढे, पावणेपंधराशे परार्धांच्या घरात जाते. ती मिळवायची रीत मात्र सोपी आहे. सदुसष्ट वेळा दोन घेऊन त्यांचा गुणाकार करायचा आणि उत्तरातून एक वजा करायचा. गणिताच्या भाषेत, २ चा ६७ वा घात वजा १.

याहून मोठ्या संख्या गणितात पैशाला पासरी आहेत. तरी या एका संख्येबद्दल मला विशेष आस्था वाटते, कारण जो प्रश्न एकच समजला जात होता त्यात दोन प्रश्न दडलेले आहेत, हे हिच्यामुळे लख्ख दिसलं. एखाद्या संख्येला अवयव आहेत हे कळणं हा एक प्रश्न, आणि ते अवयव हाती लागणं हा दुसरा. शाळेत आपल्याला ही फोड कधी जाणवत नाही. ९१ ही मूळ संख्या का नाही? तर सात गुणिले तेरा ९१ होतात म्हणून. अवयव दाखवले की प्रश्न संपला, आणि दाखवता आले नाहीत तर संख्या संयुक्त आहे असं म्हणायचा अधिकारच नाही. गणितीही कित्येक शतकं याच वाटेने चालत होते.

या कुळातल्या संख्यांकडे लक्ष गेलं ते युक्लिडमुळे. स्वतःपेक्षा लहान विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच भरते अशा संख्यांना पूर्ण संख्या म्हणण्याची जुनी प्रथा आहे. १, २, ४, ७ आणि १४ यांची बेरीज २८, म्हणून २८ ही पूर्ण. दोनचा एखादा घात वजा एक ही मूळ संख्या निघाली की तिच्यापासून अशी एक पूर्ण संख्या तयार होते, हे युक्लिडने सिद्ध केलं. तेव्हापासून शोध सुरू झाला की कोणत्या घातांकाला ही किमया साधते. घातांक स्वतः मूळ असायलाच हवा, पण तेवढ्याने भागत नाही. घातांक ११ घेतला तर २०४७ येतात, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. हे १५३६ साली हुडालरिकस रेगियसने दाखवलं.

मारँ मर्सेन हा पॅरिसचा एक धर्मगुरू. फेर्मा, देकार्त, पास्कल, गॅलिलिओ अशा सगळ्यांशी त्याचा संबंध होता, आणि संशोधनाची नियतकालिकं निघण्याआधीच्या त्या काळात युरोपातल्या गणिताची खबरबात त्याच्या पत्रांतून फिरायची. १६४४ साली त्याने एक यादी छापली: २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढ्यांनाच मूळ संख्या मिळते, बाकी कशालाही नाही. हे त्याने कशाच्या आधारावर लिहिलं हे त्याने सांगितलं नाही. पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे तपासायला सगळा काळही अपुरा पडेल, असं तोच यादी छापलेल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत म्हणतो. यादीत पुढे पाच चुका निघाल्या. ६७ आणि २५७ नको होते. ६१, ८९ आणि १०७ हवे होते.  मूळ मजकुरात ६१ असून छापताना त्याचे ६७ झाले असावेत, असा तर्क काहींनी केला आहे. तसं असेल तर एका अक्षरजुळणीच्या चुकीने गणिताला बरंच काही मिळवून दिलं.

त्या काळात असा दावा खोडायचा एकच मार्ग होता: भागून दाखवा. कातालदी नावाच्या गणितीने घातांक ३७ ला मूळ संख्या मिळते असं म्हटलं होतं. १६४० साली फेर्माने ते खोडलं. त्याची युक्ती बघण्यासारखी आहे. घातांक मूळ असेल तर येणाऱ्या संख्येचा प्रत्येक विभाजक त्या घातांकाच्या दुपटीच्या कुठल्यातरी पटीत एक मिळवून येतो, हे त्याने ओळखलं. ३७ ची दुप्पट ७४. म्हणजे विभाजक शोधायचा तो ७५, १४९, २२३ या ओळीतच. ७५ मूळ नाही, १४९ ने भाग जात नाही, २२३ ने जातो. बारा अंकी संख्येचा निकाल तिसऱ्याच पायरीवर लागला. पुढे ऑयलरने घातांक २९ चा दावा असाच विभाजक दाखवून मोडला आणि १७७२ साली घातांक ३१ चा खरा ठरवला.

हीच युक्ती आपल्या संख्येला लावली तर? ६७ ची दुप्पट १३४. ओळ सुरू होते १३५, २६९, ४०३ अशी. खरा विभाजक या ओळीत आहे, पण तो १४ लाख ४५ हजार ५८० व्या जागी. तेव्हाच्या माणसाला हेही ठाऊक नव्हतं की ओळीत विभाजक आहे. शेवटपर्यंत जायचं तर १२०० कोटींच्याही पलीकडे जावं लागलं असतं. दोन शतकांत कोणीच गेलं नाही, म्हणून मर्सेनचा शब्द टिकून राहिला.

१८०१ साली गाउसने आपल्या महाग्रंथात लिहिलं की मूळ आणि संयुक्त संख्या ओळखणं आणि संयुक्त संख्यांचे अवयव काढणं हा अंकगणितातला अत्यंत महत्त्वाचा प्रश्न आहे. दोन्ही कामं त्याने एकाच वाक्यात गुंफली. ती वेगळी पडू शकतात याची चाहूल त्याला लागली होती, हे त्या प्रकरणाच्या पुढच्या परिच्छेदांत दिसतं. मूळ संख्येने भागल्यावर कोणती बाकी उरायलाच हवी हे सांगणाऱ्या फेर्माच्या छोट्या प्रमेयातही ते बीज होतंच. पण बीज असणं वेगळं, आणि त्यातून उगवलेलं झाड एखाद्या खऱ्याखुऱ्या मोठ्या संख्येच्या रूपात सगळ्यांसमोर उभं राहणं वेगळं. ते १८७६ साली झालं.

एदुआर लुकास हे फ्रेंच गणिती. हनोईच्या मनोऱ्याचं कोडं बहुतेकांनी खेळलेलं असतं, ते यांचंच. त्यांनी या कुळातल्या संख्यांसाठी एक कसोटी शोधली. तिचं आज वापरात असलेलं रूप डेरिक हेन्री लेहमर यांनी १९३० च्या दशकात सुटसुटीत केलं, आणि ते इतकं साधं आहे की सातवी-आठवीतलं मूलही चालवू शकेल. चारपासून सुरुवात करायची. हाती असलेल्या संख्येचा वर्ग करायचा, त्यातून दोन वजा करायचे, आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवायची. मग त्या बाकीवर पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा हे करायचं. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर संयुक्त.

२०४७ वर ही कसोटी चालवून पाहू. घातांक ११, म्हणजे नऊ पायऱ्या. चारचा वर्ग सोळा, वजा दोन, चौदा. चौदाचा वर्ग १९६, वजा दोन, १९४. १९४ चा वर्ग वजा दोन ३७६३४. त्याला २०४७ ने भागून बाकी ७८८. पुढे ७०१, मग ११९, मग १८७७, २४०, २८२ आणि नववी बाकी १७३६. शून्य नाही. निकाल लागला: २०४७ ला अवयव आहेत.

आता ही ओळ पुन्हा वाचा. ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. यात २३ कुठे आहेत? ८९ कुठे आहेत? कुठेही नाहीत. संख्या संयुक्त आहे हे शंभर टक्के सिद्ध झालं, आणि अवयवांचा मागमूसही लागला नाही. मी हे पहिल्यांदा कागदावर करून पाहिलं तेव्हा त्या १७३६ कडे बराच वेळ बघत राहिलो होतो. वर्ग करणं, दोन वजा करणं आणि बाकी काढणं एवढ्याच गोष्टी केल्या होत्या, आणि त्यातून असं काही कळलं होतं जे पाहिलेलं नव्हतं.

आपल्याकडच्या न्यायशास्त्रात प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन वेगळी प्रमाणं आहेत, आणि इथे तो भेद जसाच्या तसा लागू पडतो. अमुक संख्या मूळ असती तर शेवटची बाकी शून्य आलीच असती. ती आली नाही. म्हणून ती मूळ नाही. आपल्या एकवीस अंकी संख्येबद्दल लुकास यांनी १८७६ साली याच धर्तीवर निकाल दिला: मर्सेनचं चुकलं, ही मूळ संख्या नाही. आजच्या रूपातली कसोटी घेतली तर काम पासष्ट पायऱ्यांचं. एकवीस अंकी संख्यांचे वर्ग हाताने करायचे म्हणजे कष्ट आहेत, पण ते मोजके आहेत आणि कधी संपणार हे आधीच माहीत आहे. विभाजक शोधत जाणाऱ्याला ही सोय नाही.

योगायोग असा की त्याच्या दोनच वर्षं आधी, १८७४ साली, स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज विचारवंताने उलट्या क्रियांच्या अवघडपणाबद्दल लिहिताना एक संख्या दिली होती: ८६१६४६०७९९. कोणत्या दोन संख्यांचा हा गुणाकार आहे हे आपल्याखेरीज कोणाला कधी कळेल असं त्याला वाटत नव्हतं. त्याचा विश्वास अतिरेकी होता. अमेरिकन गणिती डेरिक नॉर्मन लेहमर, म्हणजे वर आलेल्या लेहमर यांचे वडील, यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच ते अवयव काढले: ८९६८१ आणि ९६०७९. पण जेव्हन्सचं निरीक्षण पक्कं होतं. गुणाकार ही एका दिशेने सहज जाणारी वाट आहे आणि त्याच वाटेने परतणं भयंकर कठीण. जेव्हन्स आणि लुकास यांनी एकाच दशकात एकाच गोष्टीची दोन टोकं धरली होती, आणि ती जोडायला पुढे शंभर वर्षं जावी लागली.

लुकास यांच्या निकालानंतर सत्तावीस वर्षं आपली संख्या त्या चमत्कारिक अवस्थेत होती. तिला अवयव आहेत हे सिद्ध झालेलं, आणि जगात एकाही माणसाला ते ठाऊक नाहीत.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक होती. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक आणि सोसायटीचे सचिव फ्रँक नेल्सन कोल हे मोठ्या संख्यांच्या अवयवांवर बोलणार होते. एरिक टेंपल बेल यांनी सांगितलेली हकिगत अशी: कोल फळ्याशी गेले, एक शब्दही न बोलता त्यांनी दोनचा ६७ वा घात हाताने काढला आणि त्यातून एक वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या बाजूला जाऊन १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ असा गुणाकार मांडला. दोन्ही उत्तरं जुळली. ते जागेवर जाऊन बसले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. हे शोधायला किती काळ लागला, असं बेल यांनी नंतर विचारलं तेव्हा तीन वर्षांतले रविवार, असं उत्तर आलं. बेल गोष्ट रंगवून सांगणारे लेखक होते, म्हणून त्यातलं मौन आणि टाळ्या जरा जपून घ्याव्यात. पण कोल यांचा चार पानांचा निबंध सोसायटीच्या बुलेटिनात त्याच वर्षी छापलेला आहे, आणि गुणाकार तर कोणीही तपासू शकतं.

मी तो चौकटीच्या वहीत करून पाहिला. वाटतो तेवढा तो जिकिरीचा नाही. १९३७०७७२१ या गुणकात शून्य सोडलं तर १, २, ३, ७ आणि ९ एवढेच अंक आहेत, आणि सात तीनदा येतो. सातची ओळ एकदा मांडली, ५३३२८६७८०१००९, की तीच सरकवून तीन ठिकाणी लिहायची. शेवटी बेरीज. १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ हे अंक उजवीकडून एकेक उतरत येतात तेव्हा फार समाधान वाटतं. तीन वर्षांतल्या रविवारांचं फळ असं एका बैठकीत पडताळता येतं.

कोल यांनी आंधळेपणाने भागाकार केले नाहीत. त्यांनी वर्गांच्या बाक्यांचा आधार घेतला. आपल्या संख्येने भागल्यावर लहानशी बाकी सोडणारे वर्ग शोधायचे. अशी प्रत्येक बाकी संभाव्य विभाजकांवर एकेक अट घालते, आणि अटी वाढत गेल्या की उमेदवार गळत जातात. संख्येभोवती वर्गांचं जाळं टाकण्याची ही कल्पना फार जुनी आहे. आपल्याकडे नारायण पंडिताच्या १३५६ सालच्या गणितकौमुदीत अवयव काढण्याची रीत आहे ती वर्गांवरच चालते, आणि फेर्मानेही पुढे तीच वापरली. पुन्हा २०४७ घ्या. ४६ च्या वर्गातून २०४७ वजा केले तर ६९ उरतात, तो वर्ग नाही. ४७ घ्या, ४८ घ्या, असं करत ५६ वर या. ५६ चा वर्ग ३१३६, वजा २०४७, उरले १०८९, म्हणजे ३३ चा वर्ग. आता ५६ वजा ३३ म्हणजे २३, आणि ५६ अधिक ३३ म्हणजे ८९. इथे अवयव स्वतः समोर येऊन उभे राहतात. लुकास यांच्या ओळीत जे कुठेच नव्हते ते हेच.

मात्र ही रीत अवयव एकमेकांच्या जवळपास असले तरच परवडते. आपल्या संख्येच्या दोन अवयवांत एक दुसऱ्याच्या जवळजवळ चार हजार पट आहे. या वाटेने गेलो तर ३६ हजार कोटींहून जास्त पायऱ्या पडतात. १९२० च्या दशकात मॉरिस क्रायचिक यांनी मार्ग सुचवला की एकच नेमका वर्ग शोधत बसण्याऐवजी अनेक अर्धवट उपयोगी वर्ग गोळा करावेत आणि त्यांच्या गुणाकारातून हवा तो वर्ग जुळवून आणावा. त्यातूनच १९८१ साली कार्ल पोमरन्स यांची वर्ग-चाळणी निघाली. नारायण पंडितापासून इथपर्यंत कल्पनेचा धागा तुटलेला नाही, फक्त तिचा आवाका वाढत गेला.

आणि १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी जेव्हन्स आणि लुकास यांची टोकं एकत्र बांधली. त्यांच्या सांकेतिक पद्धतीला आज त्यांच्या आद्याक्षरांनी आरएसए म्हणतात. दोन मोठ्या मूळ संख्या घ्या आणि त्यांचा गुणाकार जगजाहीर करा. कोणीही तो वापरून तुम्हाला गुप्त निरोप पाठवू शकतो, उकलू मात्र तोच शकतो ज्याला अवयव माहीत आहेत. ही पद्धत चालते कारण दोन प्रश्नांची अवघडता सारखी नाही. शेकडो अंकी मूळ संख्या हुडकून खात्री करणं सोपं आहे, ते लुकास यांच्या बाजूचं काम. गुणाकार फोडणं कठीण, ते कोल यांच्या बाजूचं. दोन्ही सोपी असती तर कुलूप कोणीही उघडलं असतं, दोन्ही कठीण असती तर कुलूप बनवताच आलं नसतं. इंटरनेटवरच्या पैशाच्या व्यवहारांची सुरक्षितता कित्येक वर्षं या तफावतीवर उभी राहिली.

त्याच वर्षी मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरातून १२९ अंकी एक गुणाकार आव्हान म्हणून छापला. तो फोडायला कल्पनेपलीकडची वर्षं लागतील असा अंदाज होता. सतरा वर्षांनी, १९९४ साली, सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी आपापले संगणक जोडून वर्ग-चाळणीने तो फोडला. २०२० मध्ये २५० अंकांपर्यंत मजल गेली. पुढे जाणं चालू आहे, पण पाऊल जड आहे.

दुसऱ्या बाजूला काय झालं, ते आपल्या देशातलं आहे. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी दाखवलं की कुठलीही संख्या मूळ आहे की संयुक्त हे ठरवण्याची अशी रीत आहे जिला कोणत्याही न सिद्ध झालेल्या गृहीतकाचा, कोणत्याही नशिबाचा आधार लागत नाही, आणि अंक वाढले तरी जिचं काम आटोक्यात राहतं. लुकास यांची कसोटी एका विशिष्ट कुळापुरती होती. ही सगळ्या संख्यांना लागू. बीटेक नुकतंच संपवलेल्या दोन मुलांचा त्यात वाटा होता याचा मला आजही अभिमान वाटतो. आणि ही रीतसुद्धा संख्या संयुक्त असल्याचं सांगते, अवयव सांगत नाही.

म्हणजे पहिला प्रश्न पूर्ण सुटला. दुसऱ्याचं काय? अवयव काढण्याची तितकीच वेगवान रीत आपल्या नेहमीच्या संगणकांसाठी कोणाला सापडलेली नाही. पण तशी रीत नाहीच, हेही आजवर कोणी सिद्ध केलेलं नाही. हे मला सगळ्यात जास्त खटकतं. ज्या तफावतीवर एवढा डोलारा उभा आहे ती निसर्गात खरोखरच आहे, की ती केवळ आपल्या शोधाची मर्यादा आहे, हे आपल्याला माहीत नाही. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवलं की पुरेसा मोठा क्वांटम संगणक बांधता आला तर अवयव वेगाने निघतील. तेव्हा ती दरी गणितात आहे असं छातीठोकपणे म्हणणं धाडसाचं ठरेल.

लुकास यांनी निकाल दिल्यानंतर आपली संख्या ज्या अवस्थेत होती, त्या अवस्थेत आज दुसरी एक संख्या आहे: २ चा १२७७ वा घात वजा १. तिचे अंक ३८५. शेजारचाच मूळ घातांक १२७९. त्याची संख्या मूळ असल्याचं १९५२ साली रॅफेल रॉबिन्सन यांनी संगणकावर सिद्ध केलं. १२७७ ची मात्र मूळ नाही, हेही सिद्ध झालेलं आहे. या कुळात जिचा एकही अवयव ठाऊक नाही अशी ती सर्वांत लहान संयुक्त संख्या आहे. तिचा प्रत्येक विभाजक २५५४ च्या पटीत एक मिळवून येतो, एवढं फेर्माच्या युक्तीमुळे ठाऊक आहे. जगभरचे हौशी आणि व्यावसायिक लोक तिच्यावर यंत्रं चालवत आहेत.